अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या वास्को काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या कशी आहे? रजनीशांच्या मंडळींना तिथली निवडणूक जिंकता येईल असं का वाटलं?

थोडक्यात सांगायचं तर माणसं कमी होती, आणि होती तीही एका कोपऱ्यात.

वास्को काउंटी सुमारे ६,२०० चौरस किलोमीटरची, म्हणजे बृहन्मुंबईच्या दहापट. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २६,६७०, आणि त्यातले १६,०१० लोक एकट्या द डॅल्स शहरात. हे काउंटीचं मुख्य ठाणं उत्तर टोकाला, कोलंबिया नदीकाठी आहे. रजनीशांमुळे ज्याचं नाव जगभर झालं ते अँटेलोप गाव तिथून दक्षिणेला शंभराहून जास्त किलोमीटरवर. २०२०ला तिथे ३७ माणसं होती.

वस्ती अशी का, हे पाऊस सांगतो. पश्चिमेला कॅस्केड डोंगररांग आहे, हूड पर्वताचा पूर्व उतार काउंटीकडे उतरतो. पॅसिफिकवरून येणारे ढग डोंगरापलीकडेच रिकामे होतात. त्याच कोलंबियाच्या काठी साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला कॅस्केड लॉक्सला वर्षाकाठी १८० सेंटिमीटरच्या वर पाऊस, आणि द डॅल्सला जेमतेम ३५. महाबळेश्वरहून माणदेशात उतरावं तसा फरक. फक्त तिथला पाऊस आणि बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पडतो. त्यामुळे पश्चिमेला पाइन-फरची जंगलं, मधल्या पठारावर गहू आणि दक्षिणेला सेजब्रशची झुडपं नि गुरांची कुरणं.

गव्हाचं गणित बघण्यासारखं आहे. एवढ्याशा पावसावर दरवर्षी पीक निघत नाही. म्हणून डूफर गावाच्या आसपास जमीन एक वर्ष पडीक ठेवून ओल साठवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये काढतात. दोन वर्षांत एक पीक! साहजिकच एका कुटुंबाला पोट भरायला प्रचंड जमीन लागते आणि गावं विरळ राहतात.

द डॅल्सभोवती मात्र चेरीच्या बागा आहेत. मार्च-एप्रिलात फुलोऱ्यावर रात्री गारठा उतरला तर फळ धरत नाही. त्यासाठी बागेत उंच खांबांवर मोठे पंखे असतात, ते वरची उबदार हवा खाली ओढतात. दुसरा धोका जून-जुलैच्या तोडणीत. पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की साल पाणी शोषते आणि तडकते, मग ते फळ ताजं म्हणून विकलं जात नाही. म्हणून पाऊस थांबला रे थांबला की हेलिकॉप्टर भाड्याने आणून झाडांच्या शेंड्यांवरून फिरवतात, पानाफळांवरचं पाणी झाडायला.

इतिहासात ही काउंटी अवाढव्य होती. ओरेगॉन राज्य होण्याआधी, जानेवारी १८५४मध्ये ती स्थापन झाली तेव्हा कॅस्केडपासून रॉकी पर्वतापर्यंत पसरली होती. सुमारे १,३०,००० चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्रापेक्षाही मोठी. १८५९ला ओरेगॉन राज्य झालं आणि पूर्वेचा भाग तुटला. उरलेल्यातून पुढे एकेक काउंटी कापत गेली. मूळ रहिवाशांची जमीन १८५५च्या तहाने गेली आणि त्यांना वॉर्म स्प्रिंग्ज राखीव क्षेत्रात हलवलं. तहात मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला होता. कोलंबियावरच्या सेलायलो धबधब्यावर हजारो वर्षं लाकडी मचाणांवरून जाळ्याने सामन मासा धरत. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. भरपाई मिळाली, पण माझ्या मते या काउंटीच्या इतिहासातली सर्वात मोठी घटना ही आहे, रजनीशांच्या अनुयायांनी वसवलेलं रजनीशपुरम नव्हे. डेशूट्स नदीवरच्या शेरार्स धबधब्यावर मचाणावरची मासेमारी अजून चालते.

आता निवडणूक. १९८०ला काउंटीची लोकसंख्या होती २१,७३२. मतदार अर्थातच त्याहून कमी, आणि प्रत्यक्ष मतदान करणारे आणखी कमी. पुण्याहून आलेल्या मंडळींनी १९८१मध्ये अँटेलोपजवळचं सुमारे ६४,००० एकरांचं बिग मडी रँच घेतलं. अँटेलोपची लोकसंख्या तेव्हा चाळीसच्या आसपास, त्यामुळे गावसभा ताब्यात घेणं सोपं गेलं. काउंटीच्या कारभारी मंडळात तीनच जागा. नोव्हेंबर १९८४ला त्यातल्या दोन मिळवायचा बेत होता. स्वतःची मतं पुरेनात म्हणून देशभरातून हजारो बेघर लोक बसने आणले. दुसऱ्या बाजूने द डॅल्सचे मतदार घरीच राहावेत म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले. ७५१ जण आजारी पडले, मृत्यू एकही नाही. बेत फसला तो मतदारनोंदणीच्या टेबलावर: काउंटीच्या क्लार्कने प्रत्येक नव्या अर्जदाराने समक्ष सुनावणीला यावं असं ठरवलं. १९८५च्या अखेरीस सगळा पसारा मोडला. ती जागा आता एका ख्रिस्ती युवक संस्थेचं शिबिरस्थळ आहे.

लोकसंख्येचे जुने आकडे जुळवताना जपून. १८८०ला ११,१२० आणि १८९०ला ९,१८३ दिसतात, पण लोक निघून गेले असं नाही. मधल्या दशकात क्रूक, गिलियम आणि शर्मन या काउंट्या वेगळ्या झाल्या. १९५० ते १९६० दरम्यान १५,५५२ वरून २०,२०५ झाले, त्यात धरणाच्या कामाचा मोठा वाटा. आजच्या द डॅल्समध्ये गूगलचं डेटा सेंटर आहे आणि शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा तेच पितं, त्यावरून तिथे वाद चालतो.

स्वतः शोधणार असाल तर अमेरिकी जनगणनेच्या संकेतस्थळावर नावाऐवजी ४१०६५ हा काउंटीचा कोड टाका. नुसतं वास्को टाकलं तर कॅलिफोर्नियातलं येईल, आणि ओरेगॉनमधलं वास्को नावाचं गाव तर चक्क शेजारच्या शर्मन काउंटीत आहे.