आधी दार

पोरी,

तुझ्या नाटकाच्या सेटचं मॉडेल परवापासून माझ्या टेबलावर आहे. थर्माकोलचा जिना सुरेख कापलायस, हात बसलाय तुझा. सोबतच्या चिठ्ठीत विचारतेस, "काका, बॉक्स सेट करू, पडदे रंगवू, की नुसती एक लेव्हल ठेवू?" तीन भिंतींची खोली, रंगीत पडदे की नुसता उंचवटा, तिन्हींवर भरपूर वाचलंयस, दिसतंच आहे. पण तुझ्या नाटकातली आई पहिल्यांदा येते कुठून? मॉडेल चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. तिला यायला दारच नाही!

आधी दार. शैली मग.

तू ज्याला नेपथ्याचा इतिहास म्हणतेस तो मला सगळा दारांचाच दिसतो. नाट्यशास्त्रात नेपथ्यगृहातून, म्हणजे नटांच्या मागच्या खोलीतून, रंगमंचावर यायला दोन दारं आहेत. घराचं अरण्य करायचं काम नटाच्या पावलांवर सोपवलंय. एक फेरी मारली की जागा बदलली. इटलीत विचेन्झाला 1585 साली उघडलेल्या ऑलिंपिको थिएटरात कमानींमागे लाकडी रस्ते बांधले, आत अरुंद होत गेलेले. बघणाऱ्याला लांबलचक वाटतात, पण नट फार आत गेला तर घरांपेक्षा उंच दिसेल. रस्ता आहे, चालायची सोय नाही.

आणि आपल्या सांगलीत? 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा मागे एक पडदा. त्या काळातले राक्षस 'अलल्डुर्र' करत आले की जंगल उभं! पुढे रंगवलेले पडदे आले. राजवाड्याच्या पडद्यावर दार फक्कड रंगवलेलं, आणि राजा येणार बाजूच्या विंगेतून. 1933 च्या 'आंधळ्यांची शाळा'त बॉक्स सेट आला, तेव्हा भिंतींबरोबर उघडणारं दारही आलं. 1972 च्या 'घाशीराम'मध्ये तर माणसांचीच भिंत. फट पडेल तिथे दार. कुठली शैली थोर, हा वाद घालत बसू नकोस. प्रत्येकानं आधी दार ठरवलं, एवढं बघ.

आता माझं ऐक. एका स्पर्धेसाठी मी दुमजली वाडा केला होता. कोनाडे, पणत्या, तुळया, सगळं. दार मात्र उरलेल्या जागेत बसवलं, दोन फुटांचं. प्रयोगाला नववारीतली बाई परात घेऊन आली ती आडवी होऊन. घरात मयत झालेलं, आणि अख्खं थिएटर हसलं. दिग्दर्शकाला वाडाच हवा होता, टेम्पो ऐन दिवशी आला, सेटवर एकही तालीम झाली नाही, हे मी आजही सांगेन. ती नटी मात्र पुन्हा माझ्याशी बोलली नाही. वाड्याचा फोटो अजून भिंतीवर आहे, काढवत नाही. वाडा चांगलाच झाला होता.

म्हणून म्हणतो, आधी दार. तालमीच्या हॉलमध्ये खडूनं चौकट आख, आईला दहा वेळा आत-बाहेर करायला लाव. कंटाळेल, लावच. दार विंगेकडे उघडू दे, नाहीतर फळीआड तिचं तोंड जाईल. जिना त्यानंतर. राहिला तर राहिला.

रविवारी सकाळी ये, मॉडेल घेऊन जा. येताना तुझ्या आईचं काम करणाऱ्या नटीला विचारून ये, आई घरात शिरते तेव्हा तिच्या हातात काय असतं? पिशवी की घागर?