केपें-चांदरची जुनी घरे पाहताना

आपण सुरुवात गोव्यातील केपें येथील १७८७ सालच्या डीनच्या (चर्चमधील वरिष्ठ धर्मगुरूच्या) वाड्यापासून करावी आणि दिवसाला एकच घर पाहावे. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घरात वंशज आजही राहतात. तेव्हा अशा ठिकाणी वेळ आधी ठरवावी आणि छायाचित्रांसाठी परवानगी घ्यावी.

नवखे बहुधा थेट दिवाणखान्यातील झुंबरांकडे धावतात, पण घर कळते ते बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, दगडी बाकांवरून आणि खिडक्यांवरून: लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसवलेले असतात आणि त्यांतून झिरपणारा मवाळ उजेड पाहण्यासाठी, माझ्या मते, सकाळच खरी. तो तुकडा बोटाने दाबून मात्र पाहू नये.

हिंदू घरांत राजांगणापासून, म्हणजे घरामधल्या चौकापासून, आरंभ करावा. वास्तुशैलींची नावे सध्या बाजूलाच ठेवावीत.