रनऑफ, लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह: पोलंडच्या निवडणुकीसाठी मराठी शब्द कोणते?

कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या घरापासून वळिवडं जवळ, तिथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यामुळे पोलंडबद्दल काहीही दिसलं की त्या वाचतातच. आता तिथल्या २०२५ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीवरचा एक इंग्रजी लेख त्यांनी मराठीत करायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यावर अडल्यात. त्यांनी केलेलं वाक्य असं: "फेरमतदानात सनातनी उमेदवाराने उदारमतवादी उमेदवारावर निसटती मात केली." विचारतायत की रनऑफला फेरमतदान चालेल का, कॉन्झर्व्हेटिव्हला सनातनी म्हणायचं की पुराणमतवादी, आणि उदारमतवादीपेक्षा सोपा शब्द आहे का.

ताई, आधी फेरमतदानाचं बघू, ते लवकर संपेल. फेरमतदान आपल्याकडे कधी होतं? मशीन बंद पडलं, केंद्रावर मारामारी झाली, कुणी केंद्र ताब्यात घेतलं, मग आयोग सांगतो अमुक केंद्रावर फेरमतदान. म्हणजे आधीचं मतदान रद्द. तुमचा वाचक तसंच समजणार की पोलंडमध्ये पहिल्यांदा काहीतरी घोटाळा झाला. तसं काहीच झालं नव्हतं. १८ मे २०२५ ला १३ उमेदवार होते, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे पहिले दोघं, राफाऊ त्शास्कोफ्स्की (३१.३६ टक्के) आणि कारोल नावरोत्स्की (२९.५४ टक्के), १ जूनला पुन्हा समोरासमोर आले.

पोलिशमध्ये याला 'द्रुगा तुरा' म्हणतात, सरळ अर्थ दुसरी फेरी. (तुरा हा शब्द वाचून मला कलगीतुरा आठवला, संबंध काही नाही, पण दोनच बाजू, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तो सोडवायचा, चित्र इतकं जुळतं की मी हा पोलिश शब्द आता कधी विसरणार नाही.) तर दुसरी फेरी चांगला शब्द, फक्त एक अडचण आहे. आपल्याकडे निकालाच्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर "दुसऱ्या फेरीअखेर अमुक आघाडीवर" चालू असतं, ती मतमोजणीची फेरी. म्हणून नुसतं 'दुसऱ्या फेरीत' लिहू नका, 'मतदानाच्या दुसऱ्या फेरीत' लिहा, एका शब्दाने काम होतं. आणि पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत आपण 'दुसऱ्या पसंतीची मतं' म्हणतो ना, तेही इथे नको, कारण तिथे मतदार एकाच दिवशी पसंतीक्रम देऊन घरी जातो. पोलंडमध्ये तो दोन आठवड्यांनी परत केंद्रावर येतो, आणि मधले ते दोन आठवडेच खरे महत्त्वाचे, त्याकडे येतो.

आता सनातनी. हा शब्द इथे अजिबात नको असं माझं स्पष्ट मत आहे. सनातनी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर हिंदू धर्मशास्त्राला धरून असलेला माणूसच येतो, शंभर वर्षांपूर्वीच्या वादांतून हा शब्द तसाच मुरत आलाय आणि आज तर त्याला आणखी वेगळा राजकीय अर्थ चिकटलाय. कॅथलिक पोलंडमधल्या, बॉक्सिंग खेळलेल्या, इतिहासाचा अभ्यासक असलेल्या, राष्ट्रीय स्मृती संस्थेचा प्रमुख म्हणून काम केलेल्या नावरोत्स्कींना सनातनी म्हटलं की वाचक भलतीकडे जातो. पुराणमतवादी त्यापेक्षा जवळचा, पण त्यात निकाल आधीच लागलेला असतो. स्वतःला पुराणमतवादी म्हणवून घेणारा माणूस मी तरी पाहिला नाही, हा शब्द नेहमी समोरच्याने दिलेला असतो. पोलिशमध्ये पण असं आहे, 'कॉन्सेर्वा' म्हणजे डबाबंद खाणं, मांसाचा नाहीतर माशांचा डबा, आणि परंपरा धरून बसणाऱ्या मंडळींना चिडवायलाही हाच शब्द. टिंगल करायची असेल तेव्हा पुराणमतवादी वापरा, बातमीत नको. बातमीत परंपरावादी लिहा. तो शब्द त्यांच्या बाजूच्या माणसालाही चालतो आणि विरोधकालाही, माझ्यासाठी तीच कसोटी आहे.

(आणि जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना हुजूर पक्ष म्हणायचे, लेबरला मजूर पक्ष, काय सुंदर जोडी आहे! पण तो ब्रिटनच्या एका पक्षाचाच शब्द, पोलंडला नेता येणार नाही.)

राहिला उदारमतवादी, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण खरी गाठ इथेच आहे. उदार म्हणजे रोजच्या मराठीत सढळ हाताचा, मोठ्या मनाचा. म्हणजे उदारमतवादी ऐकलं की ज्याला नीट माहीत नाही त्याला वाटतं हा माणूस गरिबाला देणारा असेल. आणि १९९१ नंतर आपण उदारीकरण शिकलो, त्यात तर सरकारने हात आखडता घ्यायचा, बाजाराला मोकळं सोडायचं. मूळ एकच, आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ जवळजवळ उलटे. मग पोलंडच्या बातमीतला लिबरल यातला कुठला?

पोलंडमध्ये याच शब्दावर एक अख्खी निवडणूक लढली गेली होती. २००५ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत डोनाल्ड तुस्क (२०२५ च्या निवडणुकीच्या वेळचे पंतप्रधान) आणि लेख काचिन्स्की समोरासमोर होते, आणि काचिन्स्कींच्या बाजूने मांडणी केली की निवड 'पोल्स्का सॉलिदार्ना' आणि 'पोल्स्का लिबेराल्ना' यांच्यात आहे. म्हणजे एकमेकांना धरून राहणारा पोलंड की लिबरल पोलंड. तुस्कच्या पक्षाने सगळ्यांना सारखा १५ टक्के कर सुचवला होता, तर विरोधकांनी टीव्हीवर एक जाहिरात लावली, उघडा फ्रीज, भरलेला, आणि बघता बघता आतल्या वस्तू एकेक करून गायब होतात. फक्त फ्रीज! धर्म नाही, चर्च नाही, गर्भपात नाही, फ्रीज रिकामा होणार एवढंच. पहिल्या फेरीत तुस्क पुढे होते, दुसऱ्या फेरीत काचिन्स्की ५४.०४ टक्क्यांनी जिंकले. नुसत्या जाहिरातीमुळे जिंकले असं मी म्हणत नाही, पण तेव्हापासून तिथल्या साध्या माणसाच्या कानाला 'लिबेराऊ' म्हणजे ज्याला तुमच्या रिकाम्या फ्रीजचं काही नाही असा माणूस, हा अर्थ लागला तो लागलाच. आता तिथे उदारमतवादी ठेवून बघा, मराठी वाचक म्हणेल उदार माणसाने फ्रीज कसा काय रिकामा केला?

आणि उलट बाजूला बघा. परंपरावादी म्हणवणारा, काचिन्स्कींचा 'कायदा आणि न्याय' पक्ष सत्तेत आला आणि त्याने २०१६ पासून मुलामागे महिना ५०० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली, आधी दुसऱ्या मुलापासून, मग २०१९ पासून सगळ्या मुलांना, आणि २०२४ पासून ती रक्कम ८०० झाली. कुटुंब टिकवा, मुलं वाढवा, त्यासाठी सरकारने पैसे द्या. हे परंपरावादी आहे आणि शब्दशः उदारही आहे. म्हणून मी म्हणतो एका माणसाला एकच विशेषण चिकटवू नका, कुठल्या बाबतीत ते सांगा.

मराठीला हे नवीन नाही. आपल्याकडे दोन वेगळ्या जोड्या होत्याच, जहाल-मवाळ ही इंग्रज सरकारशी कसं वागायचं यावरून, आणि सुधारक-सनातनी ही घरातल्या-समाजातल्या बदलांवरून. टिळक राजकारणात जहाल, पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा विरोध. गोखले राजकारणात मवाळ आणि सामाजिक सुधारणेच्या बाजूचे. तेव्हाचा वाचक या दोन गोष्टींची गल्लत करत नव्हता, दोन्हींसाठी हाताशी वेगळे शब्द होते. आज आपण लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे दोनच डबे घेतो आणि सगळं त्यात कोंबतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मधल्या त्या दोन आठवड्यांकडे. पहिल्या फेरीत तिसरा आला स्वावोमिर मेंत्सेन, १४.८१ टक्के. हा माणूस कराच्या बाबतीत सगळ्यात मोकळा, सरकारने खिशात हात घालू नये असं म्हणणारा, आणि गर्भपात, समलिंगींचे हक्क या बाबतीत पक्का परंपरावादी. सांगा, एका शब्दात याचं काय करणार? त्याची मतं दोघांनाही हवी होती. त्याने आठ कलमांचं एक पत्रक केलं आणि दोघांना आपल्या यूट्यूब चॅनेलवर बोलावलं. नावरोत्स्कींनी सही केली, त्यात कर वाढवणाऱ्या कायद्यावर सही करणार नाही असं कलम होतं, म्हणजे परंपरावादी उमेदवाराने बाजारवादी वचन दिलं. त्शास्कोफ्स्की पण गेले, काही कलमं मान्य आहेत म्हणाले, पण सही केली नाही. आणि त्याआधी प्रचारातच या लिबरल उमेदवाराने सुचवलं होतं की जे युक्रेनियन पोलंडमध्ये काम करत नाहीत त्यांना ते ८०० झ्लॉटी देऊ नयेत. दोघंही आपापल्या विशेषणापासून सरकत होते. दुसऱ्या फेरीत हे होतंच, कारण स्वतःच्या मतांवर निम्मा पल्ला गाठता येत नाही.

एक प्रसंग तर मी भाषेच्या वर्गात दाखवावा असा आहे. ११ एप्रिलला कोन्स्क्ये नावाच्या छोट्या गावात वादसभा झाली. नावरोत्स्की उठले आणि त्शास्कोफ्स्कींच्या टेबलावर इंद्रधनुष्याचा, म्हणजे समलिंगी चळवळीचा छोटा झेंडा आणून ठेवला. २०१९ मध्ये वॉर्सोचे महापौर म्हणून त्शास्कोफ्स्कींनी या समाजाच्या बाजूच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, त्याची ही आठवण. त्यांनी तो झेंडा उचलून बाजूला ठेवून दिला. तेवढ्यात डाव्या पक्षाच्या माग्दालेना ब्येयात पुढे आल्या आणि 'मला याची लाज वाटत नाही' असं म्हणून तो स्वतःकडे घेऊन गेल्या. एक झेंडा, तीन माणसं. एकाने दुसऱ्याला अडकवायला ठेवला, दुसऱ्याने मतांचा विचार करून दूर केला (असं मला वाटतं), तिसरीने उचलला. आता यातलं 'लिबरल मूल्य' कुणाकडे होतं हे विशेषणाने कळत नाही, तो झेंडा कुणाच्या हातात गेला ते लिहिलं की कळतं.

मूल्य शब्द आलाच आहे तर तेही सांगतो. मराठीत आपण परंपरावाद्यांच्या व्हॅल्यूजना नकळत 'संस्कार' म्हणतो आणि लिबरलांच्या व्हॅल्यूजना 'मूल्ये'. भाषांतरात एकाला संस्कार आणि दुसऱ्याला मूल्ये असं करू नका, कुठल्याही एका बाजूला वजन जातं. दोघांनाही मूल्ये, नाहीतर सरळ लिहा: कुटुंब, चर्च, देश यांना आधी मानणारे, आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य, युरोपशी जवळीक, स्त्रियांचा गर्भपाताचा हक्क यांना आधी मानणारे. लांब होतं, पण वाचकाला काहीतरी हाती लागतं.

'निसटती मात' मात्र अगदी बरोबर, तिला हात लावू नका. ५०.८९ विरुद्ध ४९.११ टक्के, फरक साधारण ३ लाख ७० हजार मतांचा. मतदान संपल्या संपल्या आलेल्या एक्झिट पोलमध्ये त्शास्कोफ्स्की ५०.३ टक्क्यांनी पुढे होते, त्यांनी आपण जिंकलो असं जाहीरही करून टाकलं, आणि रात्री उशिरा आकडे फिरले. निसटती यासाठीच असतं.

तर ताई, मी असं केलं असतं: "मतदानाच्या दुसऱ्या फेरीत धर्म-कुटुंबाच्या बाबतीत परंपरावादी असलेल्या कारोल नावरोत्स्कींनी, सामाजिक प्रश्नांवर उदारमतवादी आणि युरोपवादी मानल्या जाणाऱ्या राफाऊ त्शास्कोफ्स्कींवर निसटती मात केली." उदारमतवादी ठेवलाय बघा, फक्त आधी 'सामाजिक प्रश्नांवर' लावलंय, त्याने उदारीकरणवाला अर्थ गळून पडतो. आणि राष्ट्रपती नको, राष्ट्राध्यक्षच ठेवा, राष्ट्रपती म्हटलं की आपल्या वाचकाला दिल्लीच दिसते. तसंही तिथल्या राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार आहे आणि तो मोडायला त्यांच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तीन पंचमांश मतं लागतात, तुस्क सरकारकडे तेवढी नाहीत, हे पुढच्या परिच्छेदात येणारच असेल. नाव त्रझास्कोवस्की असं लिहिलेलं दिसलं तरी तसं करू नका, पोलिश माणूस 'त्शास्कोफ्स्की' म्हणतो.