आरोग्य प्रश्नोत्तरे : लेकीची लस, आईची तपासणी

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला एचपीव्हीची लस द्यायला सांगितली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, पोरीला अजून पाळीही आलेली नाही, लग्न तर फार लांब, मग आताच ही सुई कशाला? पुढे मूल होण्यात अडचण येईल का, अशी धास्ती मलाही वाटते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे, पण लग्न लांब आहे म्हणूनच ही लस आता द्यायची असते. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि लस त्याला शिरकाव करण्याआधीच अडवते; एकदा तो शरीरात आला की त्याला हुसकावून लावण्याची ताकद लशीत नाही. गोवराची लस आपण गोवर उठण्याची वाट पाहून देत नाही, तसेच हे. शिवाय 9 ते 14 या वयात शरीर लशीला उत्तम प्रतिसाद देते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर सामान्यतः तीन डोस घ्यावे लागतात.

या लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिन तेवढे असते, त्यामुळे लशीतून संसर्ग होत नाही आणि गर्भाशयावर किंवा बीजकोशांवर तिचा परिणाम होत नाही. 2006 पासून ती जगभर दिली जात आहे. दंड दुखतो, क्वचित कणकण येते आणि या वयाच्या काही मुलींना सुईच्या भीतीने भोवळ येते. म्हणून मुलीला उपाशी आणू नका आणि सुई टोचल्यावर पंधरा मिनिटे दवाखान्यातच बसवून ठेवा.

आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्वाव्हॅक ही लस 2023 मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या एका डोसची किंमत 2000 रुपये होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के एचपीव्हीच्या ज्या 16 आणि 18 क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात, त्यांच्यापासून ती संरक्षण देते. भारतात 2009 मध्ये सुरू झालेल्या एचपीव्ही लशीच्या एका मोठ्या अभ्यासात पुण्यातल्या मुलीही होत्या. पुढच्याच वर्षी लसीकरण मध्येच थांबवावे लागल्याने अनेक मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढची दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केल्यावर असे दिसले की, त्या एका डोसनेही भक्कम संरक्षण दिले होते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयोगटासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे. आपल्या मुलीसाठी किती डोस, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. परंतु या विचारात वर्षे घालवू नका.

आणखी एक. तुमच्या पत्रात मुलीविषयी सगळे आहे, तुमच्या स्वतःच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीविषयी एक ओळही नाही. लेकीला लस द्यायला हात धरून घेऊन येणाऱ्या आईला मी दर वेळी विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "माझी कधी केलीच नाही." वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, लस घेतलेली असो वा नसो, ही तपासणी करून घ्यायलाच हवी.

प्रश्न : वय 38. माझी एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे. यजमान विचारतात, "हे आले कुठून?" मला कॅन्सर झाला आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही, या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर झाला असा होत नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात. तपासणीचा सगळा उपयोग या लांब मुदतीतच आहे.

यजमानांच्या प्रश्नाला मी तितकेच स्पष्ट उत्तर देते. हा विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो, त्यामुळे तो कधी आला आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. हा रिपोर्ट चारित्र्याचा दाखला नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून, घरच्यांपासून लपवलेला असाच रिपोर्ट घेऊन एक बाई माझ्याकडे तब्बल दीड वर्षाने आल्या होत्या. त्यांच्या आजाराला आमच्याकडे सोपे उपचार होते, पण त्या दीड वर्षात त्यांनी जे सोसले त्यावर नव्हते. कृपया यजमानांना पुढच्या भेटीला सोबत आणा.

रिपोर्टमध्ये 16 किंवा 18 हा प्रकार लिहिला असेल, तर पॅप नॉर्मल असूनही कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची पाहणी, करून घ्या. इतर प्रकार असेल तर सहसा वर्षभराने पुन्हा चाचणी करतात. कॅन्सरपूर्व बदल आढळलेच, तर तेवढा भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या साहाय्याने कापून काढता येतो आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते.

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी 52 वर्षांच्या आहेत. "मला काही होत नाही, पाळी जाऊन तीन वर्षे झाली," असे म्हणून त्या तपासणी टाळतात. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : त्यांना धाराशिवच्या बायकांची हकीकत सांगा. 1999 मध्ये त्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, तिशी ते साठीच्या दरम्यानच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. खेडोपाडी राहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या या बायकांपैकी ज्यांच्या गटात एचपीव्ही चाचणीची एकच फेरी झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. काही होत नसताना केलेल्या तपासणीचे हे फळ आहे, कारण सुरुवातीला हा आजार दुखतही नाही आणि जाणवतही नाही.

त्यांना खरी अडचण बहुधा संकोचाची असावी. तपासणीत मऊ ब्रश गर्भाशयाच्या तोंडावर फिरवून नमुना घेतात. दोन-तीन मिनिटे लागतात, किंचित ताण जाणवतो, भूल लागत नाही. स्त्री डॉक्टर हव्यात, असे निःसंकोच सांगता येते आणि काही ठिकाणी नमुना स्वतःच घेण्याची सोयही असते. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करा आणि शक्य असेल तर त्या दिवशी त्यांच्यासोबत जा. सकाळची सुट्टी द्या, पगार कापू नका.

मात्र पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे, माझी पिशवी काढली आहे. मला ही तपासणी लागेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखही काढले असेल आणि पूर्वी कॅन्सरपूर्व बदल आढळले नसतील, तर लागणार नाही. काही शस्त्रक्रियांमध्ये गर्भाशयमुख तसेच ठेवतात. मग तपासणी इतरांप्रमाणेच चालू ठेवावी लागते. डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधून घेऊन या, त्यात हे लिहिलेले असते.