एमसीबी आहे, तरी गिझरच्या नळाला करंट का लागतो?

तुम्ही लिहिलंय की भाड्याच्या घरात गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि वायरमन म्हणतो, "डीबीत (घराच्या मेन बोर्डात) एमसीबी आहे, काही होत नाही." आधी गिझर बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. मी वायरिंगचंच काम करतो. हे वाक्य ऐकलं की मला फार काळजी वाटते.

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच; तो वायर वाचवतो, माणूस नाही. २००० वॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचा एमसीबी असतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर अंगातून ०.२३ अँपिअर जातो. जीव जायला तेवढा पुरतो, पण १६ वाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, वेगळं काम करतो: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा (०.०३ अँपिअरचा) फरक पडला की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत लाइन तोडतो. घरासाठी ३० चाच घ्या, १०० किंवा ३०० चा नको. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर त्यालाही कळत नाही.

पण तुमच्याकडे मूळ दुखणं बहुतेक अर्थिंगचं, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणाऱ्या वायरचं आहे. गिझरचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) लीक असेल, तरी अर्थिंग धड असतं तर करंट तिकडून गेला असता. वायरमनला मल्टीमीटर लावायला सांगा, नुसता टेस्टर नको. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आणि फेज-अर्थही जवळपास तेवढंच दिसायला हवं. फेज-अर्थ शंभरच्या आसपास लटकत असेल, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. जुन्या घरांत बोर्ड उघडला की अर्थची हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवलेली मला कित्येकदा सापडली आहे.

कोणी न्यूट्रलवरूनच अर्थच्या पिनला लूप मारून देतो म्हणाला, तर त्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल सुटला, तर गिझरच्या अख्ख्या बॉडीवर फेज येतो.

आरसीसीबी बसल्यावर त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही, तर तो बदलायचा.