भुईआवळीने ‘बी’ जाते का?

प्रश्न : डॉक्टर, मुलगा सत्तावीस वर्षांचा. रक्तदान केल्यावर रक्तपेढीने बोलावून हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) पॉझिटिव्ह असल्याचं सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे. आमच्या मामंजींची कावीळ भुईआवळीने उतरली होती, म्हणून शेजारी दिंडोरीच्या मळ्यातून आणतात ती ताकात वाटून देतेय. मद्रासला हे सिद्ध झालंय असं मोबाइलवर आलं. खरं का?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, मद्रासचं खरं आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध आला. या विषाणूचा शोध लावणारे नोबेलविजेते ब्लुमबर्ग त्यात सहलेखक. महिनाभर भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांची एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हा विषाणू आहे का ते दाखवणारी, तपासणी निगेटिव्ह आली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस, घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाची. वाचून कोणीही हुरळून जाईल. पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमध्ये करून पाहिलं, तिथे गुण आला नाही.

मामंजींना बहुधा पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई असणार. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळतं. लहानपणी मला काविळीची माळ घातली होती. काड्या वाळून बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या, माळ पोटापर्यंत आली. आजी म्हणाली, कावीळ उतरली! बीचं तसं नाही, तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो.

मळ्यातल्या पाल्याची मला वेगळीच धास्ती. एका बाईंनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची पुडी सोडली, तर त्यात निम्मं दुधी नावाचं तण! काडी मोडली की पांढरा चीक येतो ती दुधी. भुईआवळीला चीक नसतो, पानांखाली बारीक हिरवे मणी लोंबतात. आणि द्राक्षाच्या बांधावरचं तण म्हणजे त्यावर फवारा उडालेला असणारच.

आता मुलाचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते), एचबीईएजी आणि एचबीव्ही डीएनए (विषाणू किती जोमात आहे ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि सोनोग्राफी करून पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा बघायचं. मोठेपणी नव्याने लागण झालेल्या बहुतेकांचा विषाणू आपणहून जातो. राहिलाच आणि गरज पडली, तर विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टेनोफोविर किंवा एन्टेकाविरच्या गोळ्या आहेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून निगेटिव्ह असणाऱ्यांना लस द्या. मुलाचं ब्लेड, ब्रश वेगळे ठेवा. ताट-वाटी वेगळी करू नका.

ताक चालू द्या, पाला थांबवा. उद्या एसजीपीटी वाढलं तर ते विषाणूमुळे की त्या पुडीतल्या कशामुळे, हे मला ओळखता येणार नाही.