फरच्या व्यापारात ‘सहकार’ चालेल का?

उत्तर अमेरिकेतल्या फरच्या व्यापारावरच्या लेखाला ‘सहकार आणि स्पर्धा’ असं शीर्षक चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही शब्दांना हरकत आहे, पहिल्याला जास्त.

‘सहकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था येते. सभासद, भागभांडवल, संचालकांची निवडणूक असं सगळं त्या शब्दाला चिकटलंय. नुसतं एकमेकांना साथ देणं म्हणजे ‘सहकार्य’. पण तोही शब्द सरकारी पत्राच्या शेवटच्या ओळीतला वाटतो.

मॉन्ट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी घ्या. १७७९ चा तिचा करार १६ हिश्श्यांचा होता. (सोळा आणे भागीदारी म्हणायचा मोह होतो!) काही भागीदार मॉन्ट्रियलला बसून माल मागवायचे आणि कातडी विकायचे, तर काही आत, जंगलातल्या ठाण्यांवर हिवाळा काढायचे. ही सरळसरळ ‘भागीदारी’. तिच्यासमोरची हडसन्स बे कंपनी १६७० च्या राजाच्या सनदेवर उभी होती. भागधारक लंडनला आणि ठाण्यांवर पगारी माणसं. तिला हा शब्द लावू नका.

खरी गंमत क्री, ओजिब्वे अशा मूळच्या लोकांशी असलेल्या नात्यात आहे. त्याला मी ‘सोयरीक’ म्हणेन, आणि हे अलंकारिक नाही. ठाण्यावरचे व्यापारी त्या समाजातल्या बायकांशी तिथल्या रिवाजाप्रमाणे लग्न लावत. हडसन्स बे कंपनीची लंडनहून मनाई असायची, तरी ते चालायचंच. घरात आलेली बायको बर्फावर चालायच्या पादत्राणांची जाळी विणायची, पेमिकन (सुकं मांस कुटून चरबीत कालवलेला टिकाऊ पदार्थ) करायची, दुभाष्याचं काम करायची. तिच्या माहेरच्यांची कातडी साहजिकच जावयाकडे यायची. माया आणि हिशेब एकाच वेळी असलेला मराठी शब्द ‘सोयरीक’च. मेटी हा मिश्र वंशाचा समाज उभा राहिला तो अशाच घरांतून.

‘फर’ या शब्दाबद्दलही सांभाळा. वाचकाला केसाळ कोट दिसेल. युरोपला बीव्हरची (नदीकाठी राहणारा, उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) कातडी मुख्यतः हवी होती ती टोप्यांसाठी, आणि त्याही केसाळ नव्हे, तर नमद्याच्या. आतली मऊ लव कुटून, दाबून नमदा करत. म्हणून तिथल्या लोकांनी बरेच दिवस अंगावर घालून वापरलेल्या कातड्यांना एके काळी खास मागणी होती, कारण वापरून वरचे राठ केस झडलेले असायचे. आमच्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी मिळतात, तिथे जुनं कातडं नव्यापेक्षा सरस!

आता ‘स्पर्धा’. हा शब्द अगदीच चुकीचा नाही, पण त्यात बक्षीस-समारंभाचा वास आहे. ‘चढाओढ’ बरा. एकाच नदीवर दोन्ही कंपन्यांची ठाणी जवळजवळ उभी राहिली की शिकारी दोन्हीकडे भाव काढायचा, आणि नजराणे, तंबाखू, दारू यांची पातळी चढत जायची. भाव खरोखर ‘चढतो’ आणि माणूस खरोखर ‘ओढला’ जातो. १८१६ च्या सेव्हन ओक्सच्या चकमकीला मात्र चढाओढ म्हणू नका. आजच्या विनिपेगजवळ हडसन्स बे कंपनीचा गव्हर्नर सेंपल धरून तिच्या बाजूची २१ माणसं मेली. ते वैर होतं. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, त्याला ‘विलीनीकरण’ पुरेसं आहे. पुढे आली ती ‘मक्तेदारी’: ठाणी बंद झाली, माणसं घरी बसली, नजराणे आखडले.

तेव्हा शीर्षक ‘सोयरीक आणि चढाओढ’ असं करून बघा. आणि मसुद्यात बीव्हरला तुम्ही ‘पाणमांजर’ केलंय, ते काढाच. पाणमांजर म्हणजे ऑटर. त्याचीही कातडी त्याच ठाण्यांवर विकली जायची, त्यामुळे पुढच्याच परिच्छेदात तुम्ही अडकाल. बीव्हरला बीव्हरच राहू द्या.